ऐकू न आलेला रविवार

लिफ्टच्या मशीनरूममध्ये छत्तीस वर्षं काढलेल्या माणसाचे कान शाबूत राहत नाहीत. मिस्तरींचा डावा कान नोकरीत असतानाच गेला होता, आणि उजवा यंत्र लावून कसाबसा चालत होता. "डावा लिफ्टने खाल्ला, उजवा मी," असं त्यांची बायको येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. ती जाऊन सहा वर्षं झाली होती. तेव्हापासून उजव्या कानालाही फारसं काम उरलं नव्हतं.

काम असे ते रविवारी. सकाळी अकरा वाजता लेकीचा व्हिडिओ कॉल यायचा. ती नवऱ्याबरोबर दूरच्या शहरात राहत होती. साध्या फोनवर मिस्तरींना काही कळत नसे, कारण फोनला ओठ नसतात. लॅपटॉपवर मात्र आवाज पार वर नेऊन, तिचं तोंड नीट दिसेल असं बसलं की काम भागायचं. निम्मं कानाने, पाव ओठांवरून आणि उरलेलं अंदाजाने. अर्धा-पाऊण तास बोलणं झालं की शेवटी जावई तिच्या मागून डोकावायचा, हात हलवायचा आणि "बाबा, लॅपटॉप बरा आहे ना?" असं विचारायचा.

लॅपटॉप मूळचा त्याचाच. जुना झाल्यावर त्याने तो सासऱ्यांना दिला, आणि आधीची सिस्टीम त्या थकलेल्या यंत्राला झेपत नाही म्हणून त्यात लिनक्स ही हलकी सिस्टीम टाकून दिली. आतला कॅमेरा बिघडला तेव्हा वर एक सुटा कॅमेराही बसवून दिला होता. मिस्तरी एवढ्यासाठीच नव्हे, पण एवढ्यासाठीही जावयावर खूश होते. हाताने काम करणारा माणूस त्यांना आवडायचा.

त्या शुक्रवारी लॅपटॉपने विचारलं, अपडेट करू का? मिस्तरींनी हो म्हटलं. कुणी नम्रपणे काही विचारलं की त्यांच्याच्याने नाही म्हणवत नसे.

त्याच आठवड्यात त्यांना सर्दी झाली. नाक चोंदलं, कानांना दडे बसल्यासारखं झालं. भांडं पडलं तरी ते उशीखाली पडल्यासारखं वाटायचं. आणि रविवारी अकराला लेकीचा चेहरा पडद्यावर आला तेव्हा काहीच ऐकू येईना. एक अक्षर नाही. तिचे ओठ हलत होते, खोली गप्प होती.

मिस्तरींनी कानातल्या यंत्राची बॅटरी बदलली. लॅपटॉपचा आवाज तर पूर्ण वरच होता. कानाच्या डॉक्टरबाई गेल्या वर्षी म्हणाल्या होत्या, हाही एक दिवस साथ सोडेल, मनाची तयारी ठेवा. तयारी म्हणजे काय करायचं ते बाईंनी सांगितलं नव्हतं. मिस्तरींनी त्या दिवसाची वाट तेवढी बघितली होती. आला, ते मनात म्हणाले. आला तो दिवस.

लेकीला सांगायचं नाही हे त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं. सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, आता एकटं राहायचं नाही. मग ही दोन खोल्यांची जागा, हा जिना, कोपऱ्यावरचा चहावाला, सगळं सोडून लेकीच्या घरी सोफ्यावर बसून राहायचं. त्यापेक्षा मान डोलावलेली बरी.

म्हणून ते मान डोलावत राहिले. ओठांवरून काही मिळतंय का ते पाहत राहिले. 'बाबा' ओळखू आलं, तो शब्द ओठांवर लिहिल्यासारखा दिसतो. 'मी' कळलं. 'वेगळं' असावं. ती मधूनच हसत होती, मधूनच बाजूला बघत होती. चित्रही अडखळत होतं. मग तिने लॅपटॉप उचलून फिरवला. एक रिकामी खोली, पडदे नसलेली मोठी खिडकी, जमिनीवर गादी, दोन खोकी.

मिस्तरींच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. घर बदललंय! वेगळं घर घेतलंय!

"अरे वा!" ते म्हणाले. "छान झालं! अगदी उत्तम केलंस. हवेशीर दिसतंय."

लॅपटॉप थांबला. लेकीचा चेहरा परत समोर आला. ती त्यांच्याकडे बघत राहिली, मग डोळे पुसत हसली. नव्या घराचा आनंद, मिस्तरींना वाटलं. जावई त्या दिवशी डोकावला नाही. सामान हलवत असेल.

"बरंच आधी करायला हवं होतं तुम्ही," मिस्तरींनी वर जोडून दिलं.

बुधवारी सर्दी उतरली. सकाळी चहाचं आधण खदखदलं, ते त्यांना ऐकू आलं. शेजारचं दार आपटलं, तेही आलं. मिस्तरी गॅसपाशी उभेच राहिले. गेलेला कान परत येतो असं त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. गुरुवारी ते डॉक्टरबाईंकडे गेले. काचेच्या खोलीत बसून, शिटी ऐकू आली की बटण दाबायचं, असा तो खेळ वीस मिनिटं चालला.

बाईंनी कागद बघितला आणि मोठ्याने, तोंड समोर ठेवून सांगितलं, "गेल्या वर्षी होता तसाच आहे. तसूभरही कमी नाही."

"पण रविवारी एक शब्द ऐकू आला नाही."

"कुठे?"

"लॅपटॉपवर."

"मग लॅपटॉप कुणालातरी दाखवा," बाई म्हणाल्या. "माझ्याकडे कसला आणता?"

मिस्तरी स्वतःवरच चिडले. छत्तीस वर्षं लोकांनी लिफ्ट बंद म्हणून बोलावल्यावर जाऊन आधी मीटरचा खटका बघणारा माणूस, आणि स्वतःच्या घरी सरळ कान गेले म्हणून मोकळा! घरी येऊन त्यांनी एक गाणं लावलं आणि लॅपटॉपच्या स्पीकरच्या जाळीवर तळहात ठेवला. आवाज असता तर हाताला थरथर लागली असती. हात थंड होता. मग दिसेल ते सेटिंग त्यांनी उघडून पाहिलं. आवाज कुठून बाहेर काढायचा या प्रश्नापुढे एरवी स्पीकरचं नाव असायचं, तिथे आता लिहिलं होतं, 'डमी आउटपुट'. म्हणजे नावापुरता. आवाज पाठवला जात होता, पण तो कुठेच पोचत नव्हता.

मग लेकीला आपला आवाज कसा गेला? तेही त्यांनी शोधून काढलं. वरच्या सुट्या कॅमेऱ्याला स्वतःचा माइक होता, तो धडधाकट होता. म्हणजे तिकडे सगळं पोचलं होतं. इकडेच काही आलं नव्हतं.

त्यांनी जावयाला मेसेज लिहिला. नेहमीसारखाच: 'चि. जावईबापू, शुक्रवारच्या अपडेटनंतर लॅपटॉपचा आवाज गेला आहे. डमी आउटपुट असं दिसतं. सवड होईल तेव्हा सांगणे. नवीन घर हवेशीर आहे, बघून आनंद झाला.'

एरवी तो पाच मिनिटांत उत्तर द्यायचा. त्या दिवशी उत्तर आलं नाही. आलं ते शुक्रवारी सकाळी.

'बाबा, तुमचा मेसेज वाचून बराच वेळ नुसता बसून होतो. आमचं असं झाल्यावर तुम्ही मला काही विचाराल असं वाटलं नव्हतं. त्याबद्दल खरंच बरं वाटलं. पण घराचं तुम्ही मला कशाला लिहिलंत ते कळलं नाही. तुम्ही तिला छान झालं म्हणालात, आधीच करायला हवं होतं म्हणालात, हे तिने मला सांगितलं होतं. लागलं मला. खोटं कशाला बोलू. असो. लॅपटॉप चालू करा आणि सांगा.'

मिस्तरींनी चष्मा पुसून ते पुन्हा वाचलं. 'आमचं असं झाल्यावर.' कसं झाल्यावर? त्यांना ती खोली आठवली. गादी एकच होती, एका माणसाची. हे तेव्हा दिसलं होतं, फक्त बघितलं नव्हतं.

दोन बोटांनी, एकेक अक्षर शोधत त्यांनी लिहिलं: 'मला रविवारी काहीच ऐकू आलं नाही. आवाज बंद होता. कान गेले असं समजून मी मान डोलावली. मी खोली बघून छान म्हणालो. तुमचं काय झालं आहे?'

तिकडून टाइप होत असल्याची खूण दिसली, गेली, पुन्हा दिसली, पुन्हा गेली. शेवटी आलं: 'अरे देवा.' आणि मग: 'हे मी सांगणं बरोबर नाही, बाबा. तिलाच सांगू दे. पण ते तुम्हाला ऐकू यायला हवं. आधी आवाज सुरू करू.'

लेकीला लिहून विचारता आलं असतं. मिस्तरींनी दोनदा तिचं नाव उघडलंही. पण असलं काही विचारायचं तर समोर चेहरा हवा आणि कानात तिचा आवाज हवा, असं त्यांना वाटलं. ते जावयाकडे परतले.

कामाला लागल्यावर दोघांनाही सोपं गेलं. जावई एकेक पायरी लिहायचा, मिस्तरी ती करून काय दिसतं ते कळवायचे. आधी आज्ञा टाइप करायची काळी खिडकी उघडून त्यात आवाजाची पातळी दाखवणारे सगळे खांब तपासले, एखादा बंद पडलाय का ते. बंद काहीच नव्हतं. मग लॅपटॉपला कोणकोणती साउंड कार्डं दिसतात त्याची यादी मागवली. यादीत एकच नाव होतं, वरच्या कॅमेऱ्याचं. आतलं कार्ड जणू नव्हतंच.

'गेलं का जळून?' मिस्तरींनी विचारलं.

'नसावं. कार्ड आहे, पण त्याला चालवणारा ड्रायव्हर उठत नाहीये. अपडेटमध्ये कर्नल बदललं, म्हणजे सिस्टीमचा गाभा. नवा गाभा तुमच्या कार्डाला नव्या पद्धतीचा ड्रायव्हर लावू पाहतोय आणि ते जमत नाहीये, असा माझा अंदाज. खात्री करू. बंद करून चालू करा, आणि यादी दिसली की जुनं कर्नल निवडा.'

ही रीत मिस्तरींना पटली. त्यांचीही तीच होती. नवा भाग बसवल्यावर लिफ्ट अडली तर जुना परत लावून बघायचा. चालली, तर दोष कुठे ते कळलं. पहिल्यांदा त्यांची यादी हुकली, दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा ते बोट बटणावर दाबून धरूनच बसले आणि यादी सापडली. जुन्या कर्नलवर लॅपटॉप उठला. जावयाने तपासणीची एक ओळ पाठवली होती, ती त्यांनी तशीच्या तशी टाइप केली आणि एंटर दाबलं.

"फ्रंट लेफ्ट," लॅपटॉपमधून एक बाई म्हणाली. इतक्या मोठ्याने, की मिस्तरी खुर्चीवरून अर्धे उठले. "फ्रंट राइट."

आवाज पूर्ण वर होता, गेल्या रविवारी ठेवला तसाच. बाई पुन्हा म्हणाली, फ्रंट लेफ्ट. ती थांबवायला दोन कळा एकदम दाबायच्या होत्या, हे जावयाने लिहिलं होतं. मिस्तरींनी लगेच दाबल्या नाहीत. त्या खोलीत पाच दिवसांत कुणी बोललं नव्हतं. त्यांनी तिला डावी-उजवी करू दिलं, आणि मग बंद केलं.

'आला,' त्यांनी लिहिलं.

'मस्त. म्हणजे अंदाज बरोबर. पण कायम असं निवडून चालू करणं तुम्हाला जमणार नाही. आता नव्या कर्नलला सांगून ठेवू की या कार्डाला जुनाच ड्रायव्हर लाव.'

त्यासाठी एका फाइलमध्ये एक ओळ लिहायची होती. मिस्तरींनी लिहिली, लॅपटॉप बंद-चालू केला, पुन्हा डमी आउटपुट. जावयाने ओळीचा फोटो मागवला आणि लिहिलं, 'तिसऱ्या शब्दाआधी जागा सोडायला विसरलात.' मिस्तरींनी भिंग घेऊन बघितलं. खरंच होतं. एका मोकळ्या जागेवाचून सगळं अडलं होतं. ती सोडली, पुन्हा बंद-चालू केलं, आणि सेटिंगमध्ये स्पीकरचं नाव आलं.

'झालं,' जावयाने लिहिलं. थोड्या वेळाने आणखी एक ओळ आली: 'तिच्यावर चिडू नका हं, बाबा.'

लेकीला त्यांनी शनिवारी सकाळी अकराला स्वतःहून कॉल लावला. ती घाबऱ्या चेहऱ्याने पडद्यावर आली. "बाबा? आज शनिवार आहे. बरे आहात ना?"

सगळं ऐकू आलं. तिचा आवाज जरा बसलेला होता.

"बरा आहे. तुला एक सांगायचंय. मागच्या रविवारी माझ्या लॅपटॉपचा आवाज बंद होता. तू जे बोललीस त्यातलं काहीही मला ऐकू आलं नाही."

"म्हणजे?"

"मला वाटलं कान गेले. तुला कळू नये म्हणून मी आपली मान डोलावली."

मागच्या खिडकीला आता एक चादर लावलेली होती.

"पण तुम्ही म्हणालात, छान झालं."

"खोली बघून म्हणालो गं. मला वाटलं, तुम्ही दोघांनी नवं घर घेतलं."

"आधीच करायला हवं होतं म्हणालात."

"तेही घराबद्दलच."

ती हसली, पण ते हसू लवकर संपलं. "तीन आठवडे पाठ करत होते मी, बाबा. तुम्हाला कसं सांगायचं ते. मावशीने अक्कल शिकवली, मैत्रिणींनी शिकवली. ज्याला सांगावं तो म्हणतो, थोडं दमाने घ्यायचं होतंस. तुम्ही एकटे असे निघालात की काही विचारलं नाही, नुसतं उत्तम केलंस म्हणालात. आठवडाभर मी त्या एका वाक्यावर काढला." तिने बाहीनेच नाक पुसलं, लहानपणी पुसायची तसं. "आणि ते हवेशीर खोलीसाठी होतं."

"आता सांग ना. आता ऐकू येतंय."

"आता नाही सांगवत. मी करते नंतर."

पडदा काळा झाला. त्यात मिस्तरींना स्वतःचं तोंड दिसलं.

दुसऱ्या दिवशी रविवार. साडेदहालाच ते यंत्र लावून बसले. अकरा वाजले, साडेअकरा वाजले. कॉल आला नाही. आवाज पुन्हा गेला असेल अशी शंका येऊन त्यांनी गाणं लावून बघितलं. आवाज होता. एक वाजता त्यांनी लॅपटॉप मिटला आणि तिथेच बसून जेवले. सोमवारी ते चहावाल्याकडे दोनदा गेले. गप्प बसायला तिथे निदान लोक होते. कुणालातरी सांगावं असं वाटलं, पण सुरुवात कशी करायची ते कळेना. माझ्या लॅपटॉपचा ड्रायव्हर बिघडला होता, इथून? चहावाल्याने विचारलं, "मिस्तरी, आज तंद्री कसली?" ते म्हणाले, "काही नाही, सर्दी."

मंगळवारी संध्याकाळी लॅपटॉप वाजला.

"सुरुवातीपासून सांगते," लेक म्हणाली. "मध्ये बोलू नका. ऐकू येतंय ना?"

"येतंय."

तिने सांगितलं. मारहाण नव्हती, तिसरं माणूस नव्हतं. भांडणही नव्हतं, कारण भांडायला तरी एकमेकांशी बोलावं लागतं. दोन वर्षं ते दोघं एका घरात दोन भाडेकरूंसारखे राहिले होते. वेगळं व्हायचं तीन महिन्यांपूर्वीच ठरलं होतं. पण मिस्तरींना कळू नये म्हणून दर रविवारी, कॉल संपत आला की, ती त्याला दुसऱ्या खोलीतून हाक मारायची, आणि तो येऊन हात हलवून जायचा.

"तीन महिने?" मिस्तरींना राहवलं नाही.

"बारा रविवार. तो कधी नाही म्हणाला नाही. तुमच्यासाठी यायचा तो."

मिस्तरी ऐकत राहिले. एक शब्द चुकू नये म्हणून ते इतके पुढे झुकले होते की पाठ भरून आली. या कानाने ऐकून त्या कानाने सोडून देण्याची त्यांना सोयच नव्हती. त्यांना एकच कान होता.

"झालं," लेक म्हणाली. "आता बोला."

त्यांना वाईट वाटत होतं. जावई जाणार याचं वाटत होतं, आणि त्याहून जास्त, तिने ती दोन वर्षं त्या घरात एकटीने काढली याचं. अर्धा-पाऊण तास दर रविवारी ती समोर होती आणि आपण लॅपटॉप, गुडघे आणि पाणी किती वाजता येतं यावर बोलत होतो.

"आत्ता छान झालं म्हणाल का?" तिने विचारलं.

"नाही गं म्हणवत."

"बरं."

"पण चुकलीस असंही नाही म्हणत. मला ते ठरवता येत नाही."

तिने मान हलवली. लॅपटॉपमधून तिच्या गल्लीतल्या कुठल्याशा गाडीचा आवाज आला, तिच्या खोलीत काहीतरी खाली पडल्याचा आला. मिस्तरींना सगळं ऐकू येत होतं.

"मी येऊन राहू का चार दिवस?"

"नको, बाबा. अजून नको. मला एकटीला सवय होऊ दे." मग ती जरा थांबून म्हणाली, "तुम्हाला किती दिवस लागले होते? आई गेल्यावर?"

मिस्तरींनी विचार केला. खोटं सांगावंसं वाटलं, पण सांगितलं नाही. "अजून झाली नाही," ते म्हणाले. "पण कामं होतात. भाजी आणतो, कपडे धुतो. दिवस जातो."

"हं," ती म्हणाली. "उद्या करू का कॉल? बोलायला काही नसलं तरी?"

"कर. मी घरीच असतो."

कॉल संपल्यावर त्यांनी मेसेज उघडला. जावयाचा सकाळीच येऊन पडला होता: 'आवाज टिकलाय ना?' मिस्तरी उत्तर लिहायला बसले. सवयीने 'चि. जावईबापू' लिहिलं आणि थबकले. ते खोडलं. नुसतं त्याचं नाव लिहिलं, तेही परक्यासारखं वाटलं, खोडलं. शेवटी वरती काहीच न लिहिता त्यांनी लिहिलं: 'टिकला आहे. तिने सगळं सांगितलं. बारा रविवार आलास, तेही सांगितलं. तू जेवतोस का वेळेवर?'

उत्तर लवकर आलं. 'हो बाबा.' त्याखाली आणखी काही टाइप होत असल्याची खूण दिसत राहिली, थांबली, पुन्हा दिसली. मिस्तरी चष्मा न काढता त्या खुणेकडे बघत बसले. काही वेळाने ती गेली आणि पुन्हा आली नाही. तेव्हा ते उठले आणि दोरीवरचे कपडे काढायला गॅलरीत गेले.